जोसेफ वाझ

संत जोसेफ वाझ (कोंकणी: सांत जुझे वाझ, २१ एप्रिल १६५१, बाणावली, गोवा – १६ जानेवारी १७११, कँडी, श्रीलंका) हे गोव्यात जन्मलेले कॅथलिक धर्मगुरू आणि मिशनरी होते. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अंमलाखालील सिलोनमध्ये (आजची श्रीलंका) कॅथलिक धर्मगुरूंना बंदी असताना ते वेषांतर करून त्या बेटावर गेले आणि आयुष्याची अखेरची सुमारे २४ वर्षे त्यांनी तेथेच व्यतीत केली. धर्मगुरूंवाचून विस्कळीत झालेली तेथील ख्रिस्तसभा त्यांनी पुन्हा उभी केली. यामुळे त्यांना ‘श्रीलंकेचे प्रेषित’ असे संबोधले जाते. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले. ते श्रीलंकेचे पहिले संत मानले जातात.

सोळाव्या व सतराव्या शतकांतील आशियामधील बहुतेक मिशनरी युरोपीय होते आणि त्यांच्यामागे बहुधा एखाद्या युरोपीय राजसत्तेचे पाठबळ असे. वाझ यांचे उदाहरण याहून वेगळे आहे. ते स्वतः आशियाई होते. ज्या देशात ते गेले तेथील युरोपीय सत्ता त्यांच्या विरोधात होती. आणि त्यांना अखेर आश्रय मिळाला तो एका बौद्ध राजाकडून.

बालपण आणि शिक्षण

वाझ यांचा जन्म सासष्टीतील बाणावली या आजोळच्या गावी झाला. वडील क्रिस्तोव्हाव वाझ आणि आई मारिया द मिरांडा यांचे घर सांकवाळ येथे होते. हे कुटुंब धर्मांतरित सारस्वत ब्राह्मण घराण्यातील असून घरची भाषा कोंकणी होती. जन्मानंतर आठव्या दिवशी बाणावलीच्या चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

सांकवाळ गावाचा इतिहास येथे लक्षात घेण्यासारखा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी सासष्टीतील देवळे पाडली. त्या काळात, १५६७ मध्ये, सांकवाळचे ग्रामदैवत श्री लक्ष्मीनृसिंह पोर्तुगीज हद्दीबाहेर वेलिंग येथे नेण्यात आले. म्हणजे ज्या गावात वाझ लहानाचे मोठे झाले, त्या गावाने राजसत्तेच्या बळावर होणारे धर्मकार्य सुमारे तीन पिढ्यांपूर्वी अनुभवले होते. पुढे सिलोनमध्ये वाझ यांना नेमकी उलट बाजू पाहावी लागली. तेथे लपूनछपून उपासना करण्याची पाळी कॅथलिकांवरच आली होती.

सांकवाळ येथे पोर्तुगीज आणि बाणावली येथे लॅटिन शिकल्यानंतर वाझ यांना गोवा शहरात (आजचे जुने गोवे) पाठविण्यात आले. तेथे जेझुइटांच्या सेंट पॉल महाविद्यालयात आणि त्यानंतर डॉमिनिकन संघाच्या सेंट थॉमस अकादमीत त्यांनी तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचा अभ्यास केला. १६७६ मध्ये आर्चबिशप आंतोनियो ब्रांदाव यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर त्यांनी सांकवाळ येथे धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली. १६७७ मध्ये त्यांनी सांकवाळच्या आरोग्यमातेच्या चर्चमध्ये स्वतःला मेरीमातेचा आजन्म दास म्हणवून घेणारा एक लेख लिहून वेदीवर अर्पण केला. हा लेख ‘दास्यपत्र’ या अर्थाच्या नावाने ओळखला जातो.

कानडा प्रांतातील कार्य

१६८१ ते १६८४ या काळात वाझ यांची नेमणूक कानडा प्रांतात, म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या किनारपट्टीवर झाली. मंगळूर, बसरूर, गंगोळी, कल्याणपूर इत्यादी ठिकाणच्या कॅथलिक वस्त्यांना त्यांनी भेटी दिल्या, शाळा सुरू केल्या आणि मोडकळीस आलेल्या चर्चची व्यवस्था लावली.

येथे त्यांना कॅथलिक ख्रिस्तसभेतील एका अंतर्गत वादाला तोंड द्यावे लागले. पोपने पूर्वी दिलेल्या अधिकारानुसार पूर्वेकडील प्रदेशांत बिशप नेमण्याचा व धर्मकार्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे होता. या व्यवस्थेला ‘पाद्रुआदो’ म्हणत. दुसरीकडे, १६२२ मध्ये रोम येथे धर्मप्रसारासाठी ‘प्रोपगांडा फिदे’ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि तीही आपले प्रतिनिधी नेमू लागली. कानड्यात प्रोपगांडाने नेमलेले बिशप तोमाश द कास्त्रो हेही मूळचे गोमंतकीयच होते. एकाच प्रदेशात दोन अधिकार उभे राहिल्याने सामान्य भाविकांमध्ये गोंधळ उडाला. नेमणूक गोव्याच्या आर्चबिशपांची असली तरी वाझ यांनी संघर्ष वाढू न देता समेटाचा मार्ग धरला.

गोव्याची ओरेटरी

युरोपीय धर्मसंघ त्या काळी भारतीयांना सहसा सदस्यत्व देत नसत. त्यामुळे गोमंतकीय धर्मगुरूंना संघजीवन जगावयाचे असल्यास मार्ग जवळजवळ बंद होता. या परिस्थितीत १६८२ च्या सुमारास काही गोमंतकीय धर्मगुरू एकत्र राहू लागले. जुन्या गोव्यातील टेकडीवरचे ‘मिलाग्रिस’ क्रुसाचे चर्च हे त्यांचे ठिकाण होते. २५ सप्टेंबर १६८५ रोजी वाझ या समूहात सामील झाले आणि लवकरच त्यांची प्रमुखपदी निवड झाली. संत फिलिप नेरी यांनी रोम येथे स्थापन केलेल्या ओरेटरीच्या धर्तीवर त्यांनी समूहाचे नियम ठरविले. आशियाई धर्मगुरूंनी स्वतः उभारलेल्या आरंभीच्या धर्मसंघांत या संस्थेची गणना होते. सिलोनच्या कार्याला पुढे जवळजवळ दीड शतक माणसे पुरविली ती याच संस्थेने.

सिलोनमधील परिस्थिती

सिलोनच्या किनारी प्रदेशावर सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांचा प्रभाव होता. त्यांच्या अमलात तेथे अनेक लोक कॅथलिक झाले. त्याचबरोबर अनेक हिंदू व बौद्ध मंदिरेही उद्ध्वस्त झाली. डचांनी १६५६ मध्ये कोलंबो व १६५८ मध्ये जाफना जिंकून पोर्तुगिजांना बेटावरून घालवून दिले. डच हे काल्विनपंथी प्रॉटेस्टंट असल्याने आणि कॅथलिक धर्मगुरूंकडे ते पोर्तुगिजांचे हस्तक म्हणून पाहत असल्याने त्यांनी धर्मगुरूंना हद्दपार केले. धर्मगुरूंना आसरा देणाऱ्यांस कठोर शिक्षेची, देहदंडाचीही धमकी देण्यात आली. चर्चच्या इमारती डचपंथीय उपासनेसाठी व शाळांसाठी घेण्यात आल्या.

या बंदीचा परिणाम केवळ उपासनेपुरता नव्हता. जन्म व विवाह यांची नोंद डच चर्चच्या शाळांमार्फत होत असे. ही नोंद ज्या वह्यांत ठेवली जाई त्यांना ‘थोंबो’ म्हणत. नोंद नसेल तर विवाह कायदेशीर ठरण्यात व वारसाहक्क मिळण्यात अडचण येई. परिणामी अनेक कुटुंबे बाहेरून डचपंथीय आणि घरात कॅथलिक असे दुहेरी जीवन जगत होती. ही स्थिती सुमारे ३० वर्षे टिकली. पोर्तुगीज काळ न पाहिलेली एक संपूर्ण पिढी धर्मगुरूशिवाय वाढली.

बेटाचा डोंगराळ मध्यभाग मात्र कँडीच्या सिंहली बौद्ध राजांकडे होता. राजा राजसिंह दुसरा याने पोर्तुगिजांविरुद्ध डचांशी हातमिळवणी केली होती. परंतु किनाऱ्यावरून पळून आलेल्या कॅथलिकांना त्याने आपल्या राज्यात राहू दिले.

सिलोनमध्ये प्रवेश

सिलोनमधील कॅथलिकांची ही अवस्था ऐकून वाझ यांनी ओरेटरीचे प्रमुखपद सोडले आणि १६८६ मध्ये ते गोव्याहून दक्षिणेकडे निघाले. त्यांच्याबरोबर जॉन नावाचा तरुण सेवक होता. १६८७ मध्ये ते तुतिकोरीनला पोहोचले. तेथेही डचांचे ठाणे असल्याने धर्मगुरूचा पोशाख उतरवून त्यांनी मजुराचा वेष घेतला व व्यापारी गलबतातून जाफन्याकडे प्रयाण केले. ही वाट एखाद्या युरोपीय मिशनऱ्याला जवळजवळ अशक्य होती. वर्ण, चेहरेपट्टी, अनवाणी चालण्याची सवय आणि साध्या अन्नावर राहण्याची तयारी यांमुळे वाझ गर्दीत सहज मिसळून गेले.

समुद्रप्रवासात झालेल्या हालांमुळे जाफन्यास पोहोचताच ते तीव्र अतिसाराने आजारी पडले. काही काळ त्यांना उघड्यावर राहावे लागले आणि एका स्त्रीने आणून दिलेल्या पेजेवर त्यांचे प्राण वाचले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. बरे झाल्यावर कॅथलिक कोण हे शोधण्यासाठी त्यांनी एक साधी युक्ती केली. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत फिरू लागले. जपमाळ पाहून ज्यांच्या चेहऱ्यावर ओळखीची खूण उमटे, त्यांच्याशी ते हळूहळू बोलत. अशा रीतीने विश्वासाची माणसे मिळत गेली.

जाफन्याजवळील सिल्लालै हे गाव त्यांचे केंद्र बनले. मिस्सा, बाप्तिस्मा, पापनिवेदन, विवाह हे सर्व विधी रात्री होत आणि उजाडण्यापूर्वी लोक पांगत. वाझ यांनी तमिळ भाषा आत्मसात केली. तथापि डच अधिकाऱ्यांना या हालचालींचा सुगावा लागला. पुढे नाताळच्या सुमारास सैनिकांनी जमलेल्या भाविकांवर छापा घातला. वाझ निसटले, परंतु अनेक कॅथलिकांना अटक झाली आणि त्यांतील काहींना कठोर शिक्षा भोगाव्या लागल्या. यानंतर १६९० मध्ये वाझ कँडीच्या राज्यातील पुत्तलम येथे गेले.

कँडीतील कैद आणि राजाश्रय

१६९२ मध्ये वाझ कँडी येथे पोहोचले. ते पोर्तुगिजांचे हेर आहेत, असा संशय राजदरबारातील एका फ्रेंच काल्विनपंथीयाने राजा विमलधर्मसूर्य दुसरा याच्या मनात निर्माण केला. त्यामुळे त्यांना सोबत्यांसह कैदेत टाकण्यात आले. पळून जाण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. कैदेतील काळ त्यांनी सिंहली भाषा शिकण्यात घालविला. पहारा सैल झाल्यावर त्यांनी आवारातच झोपडीवजा प्रार्थनास्थळ उभारले आणि कैद्यांमध्ये सेवाकार्य सुरू केले.

या काळातील एक प्रसंग श्रीलंकेतील कॅथलिक परंपरेत विशेष प्रसिद्ध आहे. राज्यात अवर्षण पडले असता इतर प्रार्थनांना यश आले नाही म्हणून राजाने वाझ यांना प्रार्थना करण्यास सांगितले. चौकात वेदी मांडून त्यांनी प्रार्थना केली, पाऊस कोसळला आणि वेदीची जागा तेवढी कोरडी राहिली, अशी कथा सांगितली जाते. ही कथा ओरेटरीच्या धर्मगुरूंनी लिहिलेल्या वृत्तांतांतून आलेली आहे. त्यानंतरच्या काळात राजाने वाझ यांना संरक्षण व संचाराची मोकळीक दिली.

१६९७ मध्ये गोव्याहून ओरेटरीचे काही धर्मगुरू मदतीस आले. कोचीनच्या बिशपांनी वाझ यांना सिलोनसाठी आपले व्हिकर जनरल, म्हणजे प्रमुख प्रतिनिधी, नेमल्याची वार्ताही त्यांनी आणली. याच सुमारास कँडीत देवीची साथ पसरली. लोक रोग्यांना घरात किंवा रानात टाकून शहर सोडून जाऊ लागले. वाझ व त्यांचे सहकारी मागे राहिले. त्यांनी रिकाम्या घरांत रोग्यांची सोय केली, त्यांना अन्नपाणी दिले, त्यांची स्वच्छता केली आणि मृतांना मूठमाती दिली. रोगी कॅथलिक आहे की बौद्ध, असा भेद त्यांनी केला नाही. राजाचा व प्रजेचा विश्वास संपादन होण्यास ही सेवा कारणीभूत ठरली.

राजाश्रयाचा अर्थ विरोध संपला असा मात्र नव्हता. काही बौद्ध भिक्षूंच्या आग्रहामुळे वाझ यांचे सहकारी जोसेफ कार्व्हालो यांना एकदा कँडी सोडावी लागली. १६९९ मध्ये वाझ त्यांना घेऊन कँडीला परतले. त्यांनी तेथील नव्या चर्चचे बांधकाम पूर्ण केले. राजासाठी काही पोर्तुगीज ग्रंथांचे सिंहलीत भाषांतरही त्यांनी केले. विमलधर्मसूर्य १७०७ मध्ये निधन पावला. त्याच्यानंतर गादीवर आलेला वीर नरेंद्रसिंह यानेही वाझ यांना आदराने वागविले.

संघटन

कँडीच्या राज्यात सुरक्षित स्थान मिळाल्यावर वाझ तेथून डचांच्या मुलखात गुप्तपणे फेऱ्या करू लागले. कोलंबो, नेगोंबो, मन्नार, जाफना अशा दूरदूरच्या ठिकाणी ते पायी जात. धर्मगुरू मोजकेच आणि गावे असंख्य असल्याने एखाद्या गावात वर्षातून एकदोनदाच जाणे शक्य होई. मधल्या काळात उपासना खंडित होऊ नये यासाठी त्यांनी गावातील सामान्य गृहस्थांवर जबाबदारी सोपविली. ‘मुप्पु’ हा गावचा ज्येष्ठ व्यवहार पाही. ‘अण्णावी’ हा प्रार्थना सांगे व मुलांना धर्मशिक्षण देई. दोन्ही शब्द तमिळ आहेत. आसन्नमरण व्यक्तीजवळ प्रार्थना करणे, अर्भकाला तातडीचा बाप्तिस्मा देणे, धर्मगुरू येण्याची वार्ता गुप्तपणे पोहोचविणे ही कामे स्थानिक माणसेच करीत.

१७०५ मध्ये आणखी धर्मगुरू आल्यावर वाझ यांनी संपूर्ण बेटाचे आठ विभाग पाडून प्रत्येक विभाग एका धर्मगुरूकडे सोपविला. एखादा धर्मगुरू पकडला गेला किंवा मरण पावला तरी काम चालू राहावे, ही या रचनेमागील दृष्टी होती.

भाषा आणि साहित्य

वाझ यांची मातृभाषा कोंकणी होती आणि शिक्षण पोर्तुगीज व लॅटिनमधून झाले होते. सिलोनमध्ये मात्र त्यांनी तमिळ व सिंहली या लोकभाषांतूनच धर्मकार्य केले आणि सहकाऱ्यांनाही तोच आग्रह धरला. सुशिक्षित बौद्ध समाजासमोर उभे राहावयाचे तर त्यांच्या साहित्याच्या तोडीचे लेखन हवे, हे त्यांनी ओळखले होते.

हे काम त्यांनी याकोम गोन्साल्व्हिस (१६७६–१७४२) यांच्यावर सोपविले. गोन्साल्व्हिस हे गोव्यातील दिवाडी बेटावर जन्मलेले ओरेटरीचे धर्मगुरू १७०५ मध्ये सिलोनला आले. त्यांनी सिंहली वाङ्मयाचा सखोल अभ्यास करून सिंहली व तमिळ भाषांत गद्य, पद्य, प्रवचने आणि कोश अशी विपुल रचना केली. सिंहली कॅथलिक साहित्याचे जनक म्हणून ते ओळखले जातात. उपवासकाळात श्रीलंकेतील चर्चमध्ये ‘पसन’ नावाची येशूच्या दुःखसहनाची विलापगीते गायिली जातात. त्या परंपरेचे मूळ गोन्साल्व्हिस यांच्या लेखनात आहे.

बिशपपदास नकार आणि अखेर

पोपचे प्रतिनिधी शार्ल-तोमा मायार द तुर्नों हे चीनकडे जाताना १७०३-०४ मध्ये पाँडिचेरी येथे थांबले होते. वाझ यांच्या कार्याची माहिती मिळाल्यावर त्यांना बिशप करण्याचा विचार पुढे आला. वाझ यांनी नम्रपणे नकार दिला आणि ते साधे मिशनरी म्हणूनच काम करीत राहिले.

सततचा पायी प्रवास, उपवास व आजार यांमुळे त्यांची प्रकृती खालावली होती. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांचे निधन झाले. सिलोनमध्ये पाऊल ठेवल्यानंतर ते गोव्याला कधीही परतले नाहीत. कँडीतील चर्चमध्ये त्यांना पुरण्यात आले. पुढे १७४० च्या दशकात कँडीच्या दरबाराचे धोरण बदलले, धर्मगुरूंना राज्याबाहेर काढण्यात आले आणि चर्च नष्ट झाले. त्यामुळे त्यांच्या थडग्याचे नेमके स्थान आज सांगता येत नाही.

संतपद

ओरेटरीचे गोमंतकीय धर्मगुरू सेबास्तियाव दु रेगु यांनी पोर्तुगीज भाषेत लिहिलेले वाझ यांचे चरित्र १७४५ मध्ये लिस्बन येथे प्रसिद्ध झाले. वाझ यांच्याविषयीची बरीच माहिती या चरित्रातून व ओरेटरीच्या पत्रव्यवहारातून मिळते. संतपदाच्या प्रक्रियेला अठराव्या शतकातच आरंभ झाला होता. परंतु ती दीर्घकाळ रेंगाळली. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर त्यांना ‘धन्य’ घोषित केले. त्याच मैदानावर १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. संतपदासाठी सामान्यतः आवश्यक मानल्या जाणाऱ्या दुसऱ्या चमत्काराची अट या वेळी शिथिल करण्यात आली. त्याच दिवशी पोप फ्रान्सिस यांनी डचांच्या काळात कॅथलिकांचे आश्रयस्थान बनलेल्या मढू येथील मरियेच्या तीर्थक्षेत्रालाही भेट दिली. संत जोसेफ वाझ यांचा सण १६ जानेवारीस असतो.

वारसा

वाझ यांच्यानंतरही गोव्याची ओरेटरी सिलोनला धर्मगुरू पाठवीत राहिली. १७९६ मध्ये डचांचा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि १८०६ मध्ये कॅथलिकांवरील निर्बंध उठविण्यात आले. तोवर तेथील ख्रिस्तसभा या गोमंतकीय धर्मगुरूंच्या व गावोगावच्या अण्णावींच्या आधारावर टिकून होती. १८३४ मध्ये सिलोन हा स्वतंत्र धर्मविभाग झाल्यावर त्याचे पहिले प्रमुख गोव्याच्या ओरेटरीतूनच आले. पोर्तुगालने धर्मसंघ बंद केल्यामुळे याच सुमारास गोव्यातील ओरेटरीचा शेवट झाला.

कोकण किनाऱ्यावरून परदेशी जाऊन संतपद लाभलेल्यांत वाझ यांच्या आधी वसईचे गोन्सालो गार्सिया यांचे नाव येते. १५९७ मध्ये नागासाकी येथे ते हुतात्मा झाले. वाझ हुतात्मा झाले नाहीत. आजार, कैद व छळ यांतून निभावून ते दीर्घकाळ काम करीत राहिले.

सांकवाळ येथे ज्या आरोग्यमातेच्या चर्चमध्ये वाझ यांनी दास्यपत्र अर्पण केले, त्याची आज केवळ दर्शनी भिंत उभी आहे. जवळच त्यांच्या नावाचे तीर्थस्थान असून तेथे दरवर्षी गोव्यातील व बाहेरील भाविक येतात. लक्ष्मीनृसिंहाचे भक्त वेलिंगला जातात, वाझ यांचे भक्त सांकवाळला येतात. आणि ज्या कँडीत वाझ यांचा देह विसावला तेथे त्यांची समाधी नाही. त्यांच्या कार्याची खूण श्रीलंकेत शिल्लक आहे ती गावोगावच्या कॅथलिक वस्त्यांच्या आणि त्यांच्या सिंहली व तमिळ प्रार्थनांच्या रूपाने.